गवतावरच्या बीफ कळपाला कुठला वळू लावायचा: जात, बांधा आणि वळूची आई

कुठल्या जातीचा वळू घेऊ असं विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दोन-तीन नावं आधीच पक्की असतात, अँगस, हिअरफर्ड, नाहीतर फोटोत बघून डोळ्यात भरलेला पांढराशुभ्र शारोले. मला विचाराल तर जातीचं नाव पाचव्या नंबरला येतं. आधी तुमचं गवत, मग हवा, मग कळपात आत्ता उभ्या असलेल्या गायी, मग तुम्ही माल कधी आणि कसा विकता, आणि एवढं सगळं मांडून झालं की जात. आणि जात ठरली तरी काम अर्धंच होतं, कारण एकाच जातीतल्या दोन वळूंमध्ये कधीकधी दोन जातींमध्ये नसेल एवढा फरक असतो. हे सगळं दाणा अजिबात न देणाऱ्या किंवा नावापुरता देणाऱ्यांसाठी लिहितोय, दाण्यावर जनावर तयार करायचं असेल तर बरीच गणितं वेगळी होतात.

एवढा विचार वळूचाच का करायचा ते आधी सांगतो. एक गाय चुकीची निघाली तर वर्षाला एक वासरू चुकतं, वळू चुकला तर एका हंगामात पंचवीस वासरं चुकतात. आणि तुम्ही कालवडी घरच्याच ठेवत असाल तर मग हिशोब अजून पुढे जातो, वासरात अर्धं रक्त बापाचं, उरलेल्या अर्ध्यातलं अर्धं आईच्या बापाचं, त्यातलं अर्धं आजीच्या बापाचं, म्हणजे ५० अधिक २५ अधिक १२.५, साडेसत्त्याऐंशी टक्के कळप हा तुम्ही शेवटी आणलेल्या तीन वळूंचा असतो. गायी कितीही निवडून घ्या, दहा-बारा वर्षांनी कुरणात उभा असलेला कळप तुमच्या वळूंनी बनवलेला असतो. म्हणून घाई नको.

आधी गवत आणि दिवसांचं गणित

गाय गाभण राहिल्यापासून व्यायला साधारण २८३ दिवस लागतात. वर्षाला एक वासरू पाहिजे असेल तर ३६५ मधून २८३ गेले, उरले ८२ दिवस. या ८२ दिवसांत तिने वासराला पाजायचं, गर्भाशय पूर्ववत व्हायचं, परत माजावर यायचं आणि गाभण राहायचं. हे सगळं नुसत्या गवतावर. ज्या गायीच्या अंगावर व्यायच्या वेळी मांस-चरबी नाही ती या ८२ दिवसांत माजावरच येत नाही, किंवा येते आणि उलटते, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येते. १ ते ९ च्या अंगकाठीच्या मापात (१ म्हणजे नुसती हाडं, ९ म्हणजे चरबीने लदलेली) व्यायच्या वेळी गाय ५ च्या आसपास पाहिजे, कालवड असेल तर ६ असलेली बरी, कारण ती अजून स्वतःच वाढत असते.

आता याचा वळूशी संबंध काय, तर तो जो आकार आणि जेवढं दूध लेकींना देणार त्यावर ही अंगकाठी टिकणार का ते ठरतं. गाय दिवसाला वजनाच्या साधारण २ ते २.५ टक्के कोरडा चारा खाते. ५०० किलोच्या गायीला १० ते साडेबारा किलो, ६५० किलोच्या गायीला १३ ते १६ किलो. तुमच्या कुरणात गवत तेवढंच आहे, म्हणजे मोठ्या गायी ठेवल्या तर संख्या कमी करावी लागणार, आणि मोठी गाय त्या प्रमाणात मोठं वासरू देते का, तर बहुतेक वेळा नाही देत. दुधाचंही तसंच. जास्त दुधाच्या रक्ताच्या गायीचं पोट, यकृत, आतडी मोठी असतात, ती आटलेली असली तरी तिला नुसतं उभं राहायलाच जास्त चारा लागतो. भरपूर हिरवं गवत असलेल्या महिन्यांत ही गाय देखणी दिसते, वासरू गुबगुबीत, आणि गवत वाळलं की बरगड्या मोजून घ्या. म्हणून बीफच्या कळपात दूध मध्यम पाहिजे, जास्त दूध म्हणजे जास्त चांगलं हे दुधाच्या धंद्यातलं डोकं इथे आणू नका.

दुसरी बाजू तयार होण्याची. दाण्यावर बांधलेलं जनावर दिवसाला दीड किलोच्या आसपास वाढतं. चांगल्या गवतावर पाऊण-एक किलो वाढलं तरी उत्तम म्हणायचं, आणि वर्षभर तेही मिळत नाही, उन्हाळ्यात किंवा कडक थंडीत वाढ थांबल्यासारखीच होते. जनावर आधी हाड वाढवतं, मग स्नायू, आणि सगळ्यात शेवटी मांसात चरबीची रेषा धरतं. उशिरा भरणारी, म्हणजे उशिरा अंगावर मांस-चरबी धरणारी, मोठ्या हाडाची जात २०-२२ महिन्यांची झाली तरी हाडच वाढवत असते, तुम्ही तिला कापायला नेलं तर मांस कोरडं आणि रेषाहीन निघतं आणि मग लोक म्हणतात गवतावरचं मांस चिवट. दोष गवताचा नसतो, जनावर तयार नसतं. लवकर भरणाऱ्या बांध्याचं खोंड त्याच गवतावर २०-२४ महिन्यांत पुठ्ठ्यावर आणि शेपटीच्या मुळाशी बोट रुतेल इतकं भरतं.

यासाठी फ्रेम स्कोअर नावाचं एक साधं माप आहे, ठराविक वयाला पुठ्ठ्यापाशी उंची मोजायची आणि तक्त्यात बघायचं, १ ते ११ अंक, एका अंकाचा फरक म्हणजे साधारण दोन इंच उंची. गवतावरच्या कळपाला ३ ते ५ च्या दरम्यानचा वळू बघा, माझा कल ४ कडे. ६-७ चा वळू समोर उभा राहिला की माणूस भारावतो हे खरं आहे, पण त्याच्या लेकी तुम्हाला पोसायच्या आहेत हे डोक्यात ठेवा.

हवा बघितल्याशिवाय जात ठरवू नका

दोन मोठी घराणी आहेत, एक बिनवशिंडाची युरोपातली आणि एक वशिंडाची. युरोपातली थंडीत आणि चांगल्या गवतावर मस्त, मांस मऊ, कालवडी लवकर माजावर येतात. वशिंडवाली उन्हात, गोचिडांत, निकृष्ट चाऱ्यावर टिकतात, जिथे दुसरी जनावरं सावलीत धापा टाकत उभी राहतात तिथे ही चरत असतात. आपल्या माणसाला एक गोष्ट ऐकून बरं वाटेल, जगभर उष्ण भागात बीफचा जो धंदा उभा आहे त्याच्या मुळाशी भारतातलीच जनावरं आहेत. ब्राझीलची नेलोर म्हणजे ओंगोलचं रक्त, अमेरिकेत तयार केलेल्या ब्राह्मण जातीत कांकरेज, ओंगोल, गीर आणि कृष्णा खोऱ्यातली जनावरं मिसळलेली आहेत.

पण वशिंडाच्या रक्ताची किंमत मोजावी लागते. या जनावरांच्या स्नायूत मांस मऊ होण्याची प्रक्रिया अडवणारं कॅल्पास्टॅटिन जास्त असतं, त्यामुळे रक्त जितकं जास्त तितकं मांस चिवट होत जातं. कालवडी उशिरा वयात येतात. गाभणकाळही ब्राह्मणचा जास्त, २९० दिवसांच्या वर जातो. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, ब्राह्मण वळू युरोपीय गायीवर सोडला तर वासरं जन्मतः मोठी येतात आणि गायी अडतात, उलट ब्राह्मण गायीवर युरोपीय वळू सोडला तर तसं होत नाही, गायच वासराचा आकार आवरून धरते. म्हणून कडक उन्हाचा भाग असेल तर गायींमध्ये वशिंडाचं रक्त आणि वळू बिनवशिंडाचा अशी मांडणी करणं सोपं जातं, फक्त तो बिनवशिंडाचा वळू त्या उन्हात काम करू शकला पाहिजे.

मधल्या वाटेच्या जाती म्हणून मुद्दाम बघाव्यात. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉई बेटावरची सेनेपोल, वशिंड नाही, अंगावर अगदी आखूड चकचकीत केस, ती केसांची देणगी एका प्रभावी जनुकामुळे येते म्हणून संकरातही पुढे जाते. दक्षिण आफ्रिकेची बोन्समारा, ती यान बोन्स्मा या शास्त्रज्ञाने मोजमाप करून घडवली, आफ्रिकानेर ५/८ आणि उरलेलं हिअरफर्ड-शॉर्टहॉर्न. झिम्बाब्वेची टुली आणि माशोना, दोन्ही आफ्रिकेतल्या, अंगाने मध्यम-लहान, वेळेवर गाभण राहणाऱ्या. टेक्सासच्या किंग रँचवर घडलेली सांता गर्ट्रूडिस, ५/८ शॉर्टहॉर्न ३/८ ब्राह्मण. ही अंगाने मोठी असते, तेवढं सांभाळून.

थंडी आणि वाऱ्याचा भाग असेल तर गॅलोवे आणि हायलँड. दोघांना दुहेरी केस, वरचे लांब आणि आत मऊ लोकरीसारखे, त्यामुळे थंडी अडवायला पाठीवर जाड चरबी लागत नाही. झुडपं, राकट गवत, जे दुसरी जनावरं नाकारतात ते खातात. वाढ सावकाश, हे आधी मान्य असेल तरच घ्या, हायलँडला तयार व्हायला ३० महिने लागले तर तक्रार करायची नाही.

नेहमीच्या जाती, आणि त्यांच्यात काय बघायचं

अँगसबद्दल थोडं जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त चूक इथेच होते. ही स्कॉटलंडच्या ईशान्येची जात, १८७३ मध्ये जॉर्ज ग्रँटने चार वळू अमेरिकेत कॅन्सासला नेले आणि तिथून ती त्या देशात पसरली. काळी, बिनशिंगी, लवकर भरणारी, मांसात चरबीची रेषा छान धरणारी. मूळ जात गवताचीच होती. पण गेल्या काही दशकांत हिची बरीच निवड दाण्याच्या गोठ्यात किती झपाट्याने वजन घेते यावर झाली, त्यामुळे आज अँगस म्हणून जे मिळतं त्यात ३.५ फ्रेमचा आटोपशीर वळूही असतो आणि ७ फ्रेमचा ताडही असतो, नाव दोघांचं एकच. "अँगस घ्या" हा सल्ला म्हणून अर्धवट आहे, कुठला अँगस ते सांगा. शिवाय काळा रंग उन्हात तापतो, गरम भाग असेल तर लाल अँगस बघा. आणि २००८ मध्ये या जातीत वासरं वाकडी, मेलेली जन्माला घालणारा एक दोष उघडकीला आला होता, एका गाजलेल्या वळूच्या वंशात तो पसरला होता, आता त्याची डीएनए टेस्ट आहे, तर विकणाऱ्याकडे अशा दोषांच्या टेस्टचे कागद मागायला लाजू नका.

हिअरफर्ड, लाल अंग पांढरं तोंड, स्वभावाने गरीब, गवतावर अंग धरून राहणारी, लांब चालून चरणारी. हिच्यात डोळे बघा. डोळ्याभोवती पांढरी गुलाबी कातडी असेल तर कडक उन्हात डोळ्याचा कॅन्सर आणि डोळे येण्याचा त्रास जास्त, डोळ्याभोवती लाल रंगाची कडा असलेला वळू निवडा. अँगस गायींवर हिअरफर्ड वळू, काळी पांढऱ्या तोंडाची वासरं, त्यातल्या कालवडी म्हणजे गवतावरच्या कळपाला मिळू शकतात त्यातल्या सगळ्यात भरवशाच्या आया, असं माझं मत आहे.

डेव्हन, इंग्लंडच्या नैऋत्येची, गडद माणकासारखी लाल. गवतावरच मांस धरते, जाड अंग, आखूड पाय, शांत. गवतावर तयार करणाऱ्यांनी हिला परत वर काढलंय. वळू शोधायला मात्र फिरावं लागतं, संख्या कमी आहे. शॉर्टहॉर्न पण चांगली, फक्त तिच्यात दुधाच्या आणि मांसाच्या दोन वेगळ्या वाटा आहेत, चुकून दुधाच्या वाटेचा वळू आणू नका.

मरे ग्रे ऑस्ट्रेलियाची, मरे नदीच्या वरच्या खोऱ्यात १९०५ पासून एका फिकट रंगाच्या शॉर्टहॉर्न गायीने अँगस वळूपासून एकामागून एक बारा करड्या रंगाची वासरं दिली आणि त्यातून जात उभी राहिली. फिकट अंग उन्हाला बरं, खाली काळी कातडी, वासरं जन्मतः लहान, गवतावर तयार होते. हिचं नाव कमी घेतलं जातं, घ्यायला पाहिजे.

साउथ पोल ही मुद्दाम गवतासाठीच बनवलेली, लाल अँगस, हिअरफर्ड, सेनेपोल आणि बार्झोना अशा चार रक्तांची, अमेरिकेच्या दमट दक्षिणेत टिकावी म्हणून.

शारोले, लिमुझीन, सिमेंटल, बेल्जियन ब्लू या मोठ्या अंगाच्या, मांसल, उशिरा भरणाऱ्या. वासरं दुधावरून तुटल्याबरोबर दुसऱ्याला विकणार असाल आणि एकही कालवड घरी ठेवणार नसाल तर मध्यम गायींवर शारोले चालेल, वासरं वजनदार मिळतील. पण त्याच गवतावर शेवटपर्यंत तयार करायचं असेल किंवा लेकी कळपात ठेवायच्या असतील तर नको. बेल्जियन ब्लूच्या दुहेरी स्नायूंमुळे त्या जातीत कितीतरी गायींचं बाळंतपण ऑपरेशननेच करावं लागतं, कुरणात एकटी विणाऱ्या गायीवर ही वेळ आणायची नाही.

संकराचा फायदा फुकट मिळतो, तो घ्या

गाभण राहणं, वासरू जगणं, गाय जास्त वर्षं टिकणं, या गोष्टी निवडीने फार सावकाश सुधारतात कारण त्या आईबापाकडून फार कमी उतरतात. पण नेमक्या याच गोष्टी संकराने सुधारतात. अमेरिकेतल्या जुन्या प्रयोगांचे आकडे बघा, वासरू संकरित असेल तर प्रत्येक गायीमागे तुटलेल्या वासराचं वजन साधारण साडेआठ टक्के वाढलं, आणि गायही संकरित असली तर वर आणखी १४-१५ टक्के, मिळून २३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे खरी कमाई संकरित आईत आहे.

छोट्या कळपाला फार गुंतागुंत झेपत नाही. दोनच जाती धरा, बांध्याने एकमेकींसारख्या, आणि आलटून पालटून वळू बदला, अँगसच्या लेकींना हिअरफर्ड, हिअरफर्डच्या लेकींना अँगस, एवढ्यानेही संकराचा दोन तृतीयांश फायदा टिकतो. तीन-चार जाती एकदम आणल्या की पाचव्या वर्षी कळपात लहान मोठी, काळी पांढरी, लवकर उशिरा भरणारी सगळी खिचडी होते आणि मग तयार माल एका वेळी एकसारखा निघत नाही. आणि एकच वळू असेल तर त्याच्या लेकी भरवायच्या वयाला यायच्या आत तो बदला किंवा लेकी वेगळ्या ठेवा, बाप-लेकीची पैदास कळपाला पोखरते.

आता प्रत्यक्ष वळू

माझा पहिला वळू मी कॅटलॉगमधले आकडे आणि वजन बघून घेतला होता. दीड वर्षाचा, पाठीवर ताट ठेवावं इतका भरलेला. तो दाण्यावर वाढलेला होता हे विकणाऱ्याने लपवलं नव्हतं, मीच विचारलं नाही. नुसत्या गवतावर सोडला आणि दोन महिन्यांत तो असा उतरला की ओळखू येईना, पायही दुखायला लागले, गायींमागे चालायचं सोडून पाण्यापाशी उभा राहायचा. २२ गायींपैकी ९ रिकाम्या राहिल्या. ते वर्ष मी विसरलो नाही, म्हणून सांगतो, कुठल्याही आकड्याच्या आधी एक प्रश्न विचारा, हा काय खाऊन वाढला. भरपूर दाण्याने चरबी वृषणांच्या वरच्या भागातही साठते, तिथली उष्णता बाहेर पडत नाही, बीज बिघडतं. खुरांनाही दाणा बाधतो. तुमच्यासारख्याच गवतावर, तुमच्यासारख्याच हवेत, शक्य तर तुमच्यापेक्षा थोड्या वाईट परिस्थितीत वाढलेला वळू घ्या, तो तुमच्याकडे आल्यावर सुधारेल.

मग त्याची आई बघायला मागा. खरंच मागा, आणि विकणारा दाखवायला तयार नसेल तर पुढे जा. आई आठ-दहा वर्षांची असावी आणि पहिल्या वेतापासून एकही वर्ष रिकामी गेलेली नसावी, दरवर्षी हंगामाच्या पहिल्या महिन्यात व्यायलेली असेल तर अजून चांगलं. कास घट्ट वर बांधलेली, सड आखूड आणि बारीक, वासराला जन्मल्याबरोबर तोंडात घेता येतील असे. पाय सरळ. अंग तुम्हाला तुमच्या गायींचं जसं पाहिजे तसं, कारण त्याच्या लेकी तिच्यासारख्या होणार. वळू स्वतः कसा दिसतो त्याच्यापेक्षा त्याची आई म्हातारपणी कशी दिसते यावर मी जास्त भरवसा ठेवतो.

वळू चालताना बघा, उभा असताना सगळे चांगले दिसतात. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा जवळ पडला पाहिजे, आखूड पावलं टाकणारा नको. खूर दोन्ही बाजूचे सारखे, वाढून एकमेकांवर चढलेले नकोत, छाटलेले असतील तर कधी आणि का छाटले ते विचारा. तोंड रुंद, बरगड्या खोल आणि गोल, पोटाला जागा पाहिजे, गवत म्हणजे भरपूर माल पोटात ठेवायचं काम आहे. मान जाड, खांद्यावर नराची खूण, चेहरा गायीसारखा नाजूक नको. पण खांदे फार रुंद आणि टोकदार नकोत, वासरं तिथेच अडकतात. वशिंडाच्या रक्ताचा असेल तर शिस्नाची झोळी बघा, फार लोंबती असेल तर काट्याझुडपांत जखमा होतात आणि वळू बाद होतो. थंडीचे केस कधी गळतात तेही बघा, दुसऱ्या जनावरांच्या आधी अंग चकचकीत झालेला वळू त्या हवेत सुखी असतो, ऊन चढलं तरी लोकर अंगावर घेऊन फिरणारा नको.

स्वभाव. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. माणूस आत गेल्यावर डोकं खाली घालून रोखून बघणारा, आडवा उभा राहून अंग फुगवणारा वळू कितीही चांगल्या वंशाचा असो, घेऊ नका. वळूने माणसं मारलेली आहेत, आणि स्वभाव वासरांत उतरतो.

शिंगं नको असतील तर बिनशिंगी गुण प्रभावी आहे, दोन्हीकडून तो मिळालेला वळू शिंगाच्या गायींवर सोडला तरी वासरं बिनशिंगी येतात, वळूकडे तो दोन्हीकडून आलाय का हे बघायला साधी डीएनए टेस्ट आहे.

कागदावरचे आकडे म्हणजे ईपीडी किंवा ईबीव्ही, ईपीडी हा वळूची लेकरं त्याच जातीतल्या बाकीच्यांपेक्षा किती कमी-जास्त निघतील याचा अंदाज, आणि ईबीव्ही हा वळूच्या स्वतःच्या रक्ताच्या मोलाचा अंदाज, त्यातलं निम्मं लेकरांत उतरतं. एका जातीचा आकडा दुसऱ्या जातीच्या आकड्याशी सरळ लावता येत नाही. शेजारी अचूकता लिहिलेली असते, कोवळ्या खोंडाची ती कमी असते, म्हणजे अंदाज सरकू शकतो. मी काय बघतो, तर बाळंतपणाची सोय चांगली, जन्माचं वजन मध्यम किंवा कमी, दूध मधल्या पट्ट्यात, प्रौढ गायीचं वजन सरासरीच्या खाली. एका वर्षाच्या वजनाच्या आकड्यात सगळ्यात वरचा वळू मी टाळतो, कारण वाढीबरोबर हाडही येतं. बऱ्याच संस्थांचे पैशातले एकत्रित इंडेक्स जनावर शेवटी दाण्यावर जाणार असं धरून काढलेले असतात, ते तुमच्या कामाचे नाहीत. कालवडींसाठी ढोबळ नियम, वासरू आईच्या वजनाच्या ७ टक्क्यांच्या आसपास, ४५० किलोच्या कालवडीला ३० किलोच्या जवळपास.

तपासणी, ही टाळायची नाही

पैसे द्यायच्या आधी पशुवैद्याकडून प्रजननक्षमतेची पूर्ण तपासणी. वृषणांचा घेर १५ महिन्यांपर्यंत किमान ३० सेंटीमीटर, दोन वर्षांच्या वर किमान ३४, मधल्या वयात त्या दोन्हीच्या मध्ये. हे किमान झालं, मला वर्षाच्या खोंडात ३४ च्या पुढे दिसलं तर आनंद होतो, कारण मोठ्या घेराच्या वळूच्या लेकी लवकर वयात येतात. बीजाची हालचाल किमान ३० टक्के, आकाराने नीट असलेले किमान ७० टक्के. बीज तयार व्हायला दोन महिने लागतात, म्हणून ताप येऊन गेलेला किंवा कडक उन्हात भाजलेला वळू आज ठणठणीत दिसला तरी दोन महिने कच्चा असू शकतो, आणि म्हणून तपासणी सोडण्याच्या दोन महिने आधी करा म्हणजे नापास झाला तर दुसरा बघायला किंवा परत तपासायला वेळ राहतो. ही तपासणी त्याची गायींवर चढायची इच्छा मोजत नाही, ती तुम्हाला डोळ्यांनीच बघावी लागते.

रोगांत ब्रुसेलोसिस (गर्भ पाडणारा रोग) आणि टीबी, बीव्हीडी (जनावरांचा एक विषाणूरोग), आणि गायींवर काम केलेला वळू असेल तर ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर, हे दोन्ही भरवताना वळूकडून गायीला लागतात. या शेवटच्या दोघांचं वळूत काहीही दिसत नाही, तो खातो पितो, काम करतो आणि गायी लवकर गर्भ टाकून उलटत राहतात. म्हणून दुसऱ्याच्या कळपात चार वर्षं काम केलेला स्वस्त वळू आणि न भरवलेला खोंड यात मी खोंड घेतो. घरी आणल्यावर महिनाभर वेगळा ठेवा, तुमच्या पाण्याची, गवताची सवय होऊ द्या, दाणा चालू असेल तर एकदम बंद न करता हळूहळू उतरवा.

गायी किती लावायच्या, तर खोंड जितक्या महिन्यांचा तितक्या गायी असं ढोबळ धरा, १५ महिन्यांच्याला १५, दोन वर्षांच्याला २०-२५, पुरता वाढलेल्याला २५-३०, डोंगराळ आणि पसरलेलं कुरण असेल तर कमी. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस रोज बघा, तो खरंच चढतोय का, नीट भरवतोय का. कुठल्या गायींवर तो चढला त्यांचे नंबर लिहून ठेवा आणि एकवीस दिवसांनी परत बघा, त्यातल्या निम्म्या परत माजावर असतील तर वाट बघू नका, लगेच दुसरा वळू लावा आणि याची तपासणी करा. ६० दिवसांनी वळू काढून घ्या. ६० दिवसांत गाभण न राहिलेली गाय त्या गवताला जुळत नाही, ती विका, एक-दोन वर्षं जीव कळवळतो पण पुढे कळप बदलतो.

पहिली वासरं तुटली की प्रत्येकाचं वजन आणि त्याच दिवशी आईचं वजन लिहा. ५०० किलोच्या गायीने २२५ किलोचं वासरू दिलं तर ते ४५ टक्के झालं, ६५० च्या गायीने २५० चं दिलं तर ४० सुद्धा नाही. वळूचा खरा निकाल मात्र आणखी दोन वर्षांनी लागतो, त्याच्या लेकी पहिलं वासरू पाजत असताना दुसऱ्यांदा गाभण राहिल्या का यावर. त्या राहिल्या तर त्याच घराण्यातला पुढचा वळू आत्ताच सांगून ठेवा.